मीच दिलेले आकडे

अमडापूरच्या पुढे एका नाल्यावर तलाव व्हायचा होता. पाणी कुठवर चढेल हे ठरवायला विमानातून लेझरनं जमीन मोजली जाणार होती. खालचं काम आम्हा दोघांकडे होतं, मी आणि माझा मित्र. पॉलिटेक्निकपासून आम्ही सोबत. मी शिवारात हिंडायचो, तो ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशा तयार करायचा.

विमानाची मोजणी किती चुकली हे कळावं म्हणून जमिनीवर काही जागा वेगळ्या मोजून ठेवतात. नकाशा तयार होईपर्यंत ते आकडे झाकून ठेवायचे असतात, परीक्षेच्या पेपरासारखे. त्यातली एक जागा एका मावशीच्या शेतात होती. ऊन लागतं म्हणून तिनं माझ्या जीपीएसवर छत्री धरली. "मावशी, त्याला आभाळ दिसू द्या," म्हटल्यावर ती खूप हसली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, माही विहीर बुडते का?"

"जे खरं असेल तेच येईल, मावशी. माझा शब्द."

चार दिवसांनी मित्राचा फोन आला. "ते तपासणीचे आकडे पाठव ना बे."

"ते तुले द्याचे नसतात."

"निस्तं पाहतो. माह्यावर भरोसा नाही का तुले?"

मी पाठवले.

नकाशा आला तेव्हा चूक जेमतेम दोन बोटांची निघाली. तपासणीचे आकडे झाकून ठेवले होते, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली.

मग शिवारात पाण्याच्या हद्दीचे दगड लागले आणि मावशीची विहीर आत गेली. तिचा फोन आला तसा मी जीपीएस घेऊन पोचलो. माझ्या जुन्या जागेवर नकाशा तंतोतंत जुळला. विहिरीपाशी मात्र नकाशातली जमीन खऱ्या जमिनीपेक्षा हातभर खाली होती. तिथलं रान सपाट. हातभर फरकात अख्खं वावर बुडत होतं. आणखी तीन ठिकाणी पाहिलं, तेच. विमानाची मूळ मोजणी काढून पाहिली तेव्हा कळलं, दोन फेऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळतच नव्हते. चूक शोधायची सोडून मित्रानं फक्त माझ्या बिंदूंभोवतीची जमीन उचलून बरोबर करून टाकली होती.

मी ऑफिसात गेलो. त्यानं स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"मुदत संपत होती बे. मले दुसरा रस्ता नव्हता."

"अन् त्याच्यावर माही सही घेतली तू?"

"आकडे म्या चोरले का? तूच देल्ले ना."



त्याच रात्री मी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं, त्यात आधी माझी चूक लिहिली. आम्हा दोघांनाही त्या कामावरून काढलं. दुसऱ्यांनी मोजणी नव्यानं जुळवली आणि विहीर हद्दीबाहेर आली. मी सांगायला गेलो तेव्हा मावशीनं पाणी दिलं, पण समोर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "आता हेच खरं, हे मी कायच्यावरून समजू, भाऊ?"

बढतीसाठी मी त्याची तक्रार केली, असं मित्र सगळ्यांना सांगतो. त्याची आई मात्र अजून मला दिवाळीला फोन करते आणि घरी का येत नाहीस म्हणून विचारते. काम लय आहे, असं मी सांगतो.