घेणाऱ्याची सही

आमच्या भाऊजींइतकी खोकी जगात दुसऱ्या कुणी हाताळली नसतील, आणि त्यांतलं एकही खोकं त्यांनी स्वतः उघडलेलं नाही. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं गोडाऊन कीपर म्हणून काढली. टीव्ही, मिक्सर, पंखे, बूट, साबण, काय म्हणाल ते त्यांच्या हाताखालून गेलं, पण आतली वस्तू कशी दिसते हे त्यांना खोक्यावरच्या चित्रापलीकडे माहीत नाही. आपल्या हातून एकही सील फुटलं नाही हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात. सवय इतकी मुरलेली की दिवाळीत मिठाईचा बॉक्स आला तरी तो माझ्या ताईने उघडायचा, आणि तिने उघडेपर्यंत भाऊजी खिडकीतून बाहेर बघत उभे राहायचे.

वजन ते हातानेच करतात. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी तिला उचललं, अंमळ खालीवर केलं आणि "दुपट्यासकट साडेतीन" असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर पन्नास ग्रॅमचा फरक आला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना काटा तपासून घ्यायला सांगितलं. आमचा नवा फ्रीज टेम्पोतून आडवा आला हे कळल्यावर ते शेलारच्या आपल्या घरून पहिल्या रिक्षाने आले, फ्रीज उभा करून घेतला आणि आतलं तेल खाली बसायच्या आत कुणी बटण दाबू नये म्हणून दिवसभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. चहा, जेवण, पेपर, सगळं त्यांना तिथेच पोचवावं लागलं. माझ्या बायकोने त्या दिवशी फ्रीजपेक्षा भाऊजींचीच जास्त सरबराई केली.

या माणसाला खरं तर गोडाऊनमध्ये बसायचंच नव्हतं. त्यांना ट्रक चालवायचा होता. तरुणपणी दोन वर्षं ते एका ट्रकवर क्लीनर होते, गाडी धुवायचे, टायर बदलायचे आणि डाव्या बाजूला बसून ड्रायव्हरला डावीकडची खबर द्यायचे. पण त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. हेवी लायसनसाठी गेले तेव्हा डॉक्टरने उजवा डोळा झाकायला लावला, आणि डाव्याने त्यांना तक्त्यावरची अक्षरं सोडाच, तक्ताही नीट दिसला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले, पुन्हा तेच. मग ते काल्हेरला लागले आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रकांत माल चढवत राहिले. याबद्दल ते कधी बोलत नाहीत. मला हे ताईने सांगितलं.

निवृत्त झाल्यावर एकदा ते कसलासा फॉर्म छापून घ्यायला माझ्या शाळेत आले. मी तिथे कॉम्प्युटर शिकवतो. एका मशीनवर पोरांनी ट्रक चालवायचा खेळ टाकून ठेवला होता, तो मी गंमत म्हणून लावून दिला. शाळेचं मशीन जुनं, प्रत्येक वळणावर चित्र अडकायचं, आणि ते सुटेपर्यंत गाडी शेतात गेलेली असायची. तरी भाऊजी दोन तास हलले नाहीत. फॉर्म छापायचा राहिलाच. उठताना म्हणाले, "मास्तर, ही गाडी चालणार न्हाय. आपली सोताची बांधाया पायजे."

त्यानंतर पाच महिने आमचे सगळे रविवार कल्याण नाक्याजवळच्या अन्वरभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. अन्वरभाईंनी पहिल्याच दिवशी तयार मशीन दाखवलं. भाऊजींनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि "अंदर का माल किसने देखा है?" असं विचारून ते बाजूला सारलं. ज्याने एकतीस वर्षं कुठल्याच खोक्याच्या आत पाहिलं नाही, त्याने हे विचारावं याचं मला फार हसू आलं.

सुटे भाग निवडायचं त्यांचं शास्त्र वेगळंच होतं. मी इंटरनेटवरून तक्ते काढून नेत होतो, ते हातावर तोलून बघत होते. दोन ग्राफिक्स कार्डांतलं जड ते त्यांनी उचललं, आणि अन्वरभाई म्हणाले की खरंच तेच चांगलं, थंड राहतं. झालं, तिथून पुढे माझ्या तक्त्यांना कुणी विचारेना. प्रोसेसरचा डबा हातात घेतल्यावर मात्र ते गडबडले. एवढा हलका माल आणि यालाच म्हणे मशीनचा मेंदू म्हणतात. बऱ्याच विचारानंतर त्यांना आठवलं की गोडाऊनमध्येही हलका आणि मोलाचा माल वरच्या रॅकवर कुलपात ठेवतात, तेव्हा कुठे प्रोसेसर पास झाला. तो मदरबोर्डात बसतो ना, हे त्यांनी मला, अन्वरभाईंना आणि दोन्ही खोक्यांवरच्या मजकुराला आलटून पालटून विचारलं. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान का घ्याव्यात हे मी अर्धा तास समजावत होतो. भाऊजी म्हणाले, एका बाजूलाच भार टाकला तर गाडी कलते, एवढं काय सांगायचं त्यात. वर्गात मी हल्ली तसंच शिकवतो.

कॅबिनेट निवडताना रंगीत दिव्यांचं त्यांना वावडं असेल असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी सगळ्यात जास्त दिव्यांचं कॅबिनेट घेतलं, कारण दिवे नसलेली गाडी त्यांना गाडी वाटत नाही. प्रश्न होता भुसक्याचा. त्यांच्या घरामागे कापड विणायचे लूम चालतात, हे उडते कापसाचे तंतू ताटात येतात तर पंख्यात येणार नाहीत का? त्यावर ताईने मलमलचा दुहेरी पडदा शिवला. टेबल त्यांनी सुताराकडून करून घेतलं आणि खुर्चीच्या डावीकडे हातभर जागा मोकळी सोडायला लावली. तिथे कॅबिनेट छान बसेल असं मी सुचवलं, तर ती जागा दिलेली आहे म्हणाले. कुणाला दिली, ते सांगितलं नाही.

सगळा माल आला. खेळासाठीचं स्टिअरिंग धरून नऊ खोकी. भाऊजींनी खोलीत गोडाऊनमध्ये मालाखाली घालतात तसं लाकडी पॅलेट टाकलं, जड खाली, हलकी वर, सगळ्यांचे बाण आभाळाकडे, अशी थप्पी लावली आणि थांबले. एक महिना गेला, दुसरा गेला. रोज संध्याकाळी ते थप्पी पुसत आणि परत वर्तमानपत्र वाचायला बसत. जोडणी कधी करायची विचारलं की "बघू" म्हणत. शेवटी एका रविवारी दुपारी मी स्क्रूड्रायव्हर आणि ब्लेड घेऊनच गेलो. पहिल्या खोक्याला हात लावला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, मास्तर. बंद हाय तवर माल चांगला हाय."

मी चिडलो. तुम्ही घाबरता, असं तोंडावर बोलून गेलो. ते मनगट सोडून खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा डोळ्यांच्या तपासणीला जाऊन नापास झालेला माणूस तिसऱ्यांदा कशाला जाईल, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं.

ताई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती कपाटाकडे गेली आणि गोडाऊनमधून निवृत्तीच्या वेळी आणलेलं, माल पाठवताना भरायचं कोरं चलनबुक घेऊन बसली. एकेका खोक्यावरचं नाव विचारत तिने नऊ ओळी भरल्या आणि पान भाऊजींसमोर ठेवलं. चलनाच्या खाली दोन सह्यांच्या जागा असतात. डावीकडे माल देणाऱ्याची, तिथे भाऊजींनी एकतीस वर्षं सही केली. उजवीकडे माल घेणाऱ्याची, तिथे नेहमी दुसरंच कुणी असायचं. ताईने त्या उजव्या जागेवर भाऊजींचं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट.

"माल तुमच्या नावावर आलाय," ती म्हणाली. "घ्यायचा नसेल तर तसं लिहा, मी परत पाठवते."

भाऊजींनी चष्मा लावला. नऊ ओळी थप्पीशी ताडून पाहिल्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली. उजवीकडच्या नावाशी मात्र बराच वेळ थांबले. मग सही केली आणि माझ्यापुढे हात केला. मी ब्लेड दिलं. पहिल्या खोक्याची पट्टी त्यांनी स्वतः कापली. ताई तेवढ्यापुरती खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली.

संध्याकाळच्या आत मशीन जोडून झालं. दिवे लागले, मलमलमागे पंखे फिरले, आणि चित्र कुठेही न अडकता समोर लांबलचक रस्ता उभा राहिला. भाऊजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, पण गाडी सुरू करेनात. त्यांनी पायाने टेबलाखालून एक स्टूल ओढलं आणि डावीकडच्या त्या मोकळ्या जागेत सरकवलं.

"बस. ह्या अंगाचं मला नीट दिसत न्हाय. तू सांगायचं."

मी बसलो. तेव्हापासून दर रविवारी मी भाऊजींचा क्लीनर आहे. खरं सांगायचं तर खेळात आरसे आहेत आणि सगळा रस्ता समोर दिसतो, मान थोडी वळवली तर एका डोळ्यालाही पुरतो. हे त्यांनाही माहीत असणार. पण वळण आलं की ते गाडी हळू करतात आणि वाट बघतात. मी म्हणतो, डावीकडे मोकळं आहे भाऊजी, जाऊ द्या. आणि मान जराही न वळवता, माझ्या शब्दावर, ते एवढी मोठी गाडी वळवतात.