टिनावर वाळत घातलेला अंगठा

कडबा तोडताना विळा निसटला आणि बाबांच्या उजव्या अंगठ्याला वाकवणारी आतली दोरी तुटली. सावंगीच्या दवाखान्यात ती शिवली आणि अंगठा हलू नये म्हणून वरून पांढऱ्या प्लास्टिकची स्प्लिंट बसवून दिली. डॉक्टरांनी बजावलं, "ही काढायची नाही. टाका तुटला तर अंगठा पुन्हा वाकणार नाही." बाबांनी मान डोलावली. त्यांची मान फार पटकन डोलते, म्हणून मला धास्ती वाटली. आंजी गावातल्या घरी त्यांची एक गाय आहे, ती दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही. अंगठा गेला की धारही गेली.

मे महिन्यात एका दुपारी मी वर्ध्याहून आले, तर बाबा उघडा हात मांडीवर जपून बसलेले.

"स्प्लिंट कुठाय?"

"वास येऊन राह्यला होता. धुतली अन् गोठ्याच्या टिनावर वाळू घातली."

मी शिडी लावून चढले. टिनावर एक मऊ, पारदर्शक पापड पसरला होता. सावलीत आणेपर्यंत तो पांढरा झाला, कडक झाला, तोही टिनाच्या सगळ्या पन्हळी अंगावर घेऊन.

"गोठ्याच्या छपराले चालते आता," बाबा म्हणाले.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. घाबरले की मी शिकवायला लागते. गाडीत सावंगीपर्यंत माझा तास चालला. या प्लास्टिकमध्ये लांबच लांब साखळ्या असतात. गार असताना त्यातल्या बऱ्याच प्रार्थनेच्या पोरांसारख्या ओळीत उभ्या राहतात, बाकीच्या मागे गोंधळ घालतात. ओळी आहेत म्हणून ते पांढरं आणि कडक. साठेक अंशांना ओळी मोडतात, मग वाकवाल तसं वाकतं. निवलं की पुन्हा ओळी.

"अन् टिन एवढं तापते?"

"मे महिन्यात? यापेक्षाही."

"मंग हे आधी काऊन नाई सांगितलं?"

तास तिथंच संपला.

थेरपिस्ट मुलीनं पन्हळी पाहून कसंबसं हसू दाबलं आणि तुकडा गरम पाण्यात टाकला. पन्हळी गेल्या, पांढरेपणा गेला, पाण्यात तुकडा दिसेना. पुसून तिनं तो अंगठ्याभोवती बसवला. "बाबाजी, पांढरं होईपर्यंत हलू नका. ताई, तुम्ही धरा."

मी धरलं. कडेनं हळूहळू दुधी रंग चढत गेला. आतला टाका शाबूत आहे का, ते स्प्लिंट निघाल्यावरच कळणार होतं. मला फार भीती वाटत होती. बाबांनाही वाटत असावी, कारण ते एकही टोमणा मारत नव्हते.

पावसाळ्यात स्प्लिंट उतरली. डॉक्टर म्हणाले, "वाकवा." बाबा अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठा ढिम्म. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात सावकाश वर आणला आणि माझा कान चिमटीत धरून पिरगळला.

"गाडीभर डोस्कं खाल्लं माह्यं, त्याचं हे."

कान चांगलाच दुखला. मी भर दवाखान्यात आनंदानं रडले.