जन्मजात ठरवून मारायला काढलेलं पिल्लू

अन्याय झाला तो राजहंसाच्या एका पिल्लावर. गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी साडेनवाच्या सुमारास, रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत. अंड्यातून बाहेर येऊन त्याला धड एक दिवसही झाला नव्हता आणि त्याला मरणाची शिक्षा सुनावली गेली.

सुनावणारे माझे काका. त्यांनी आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला राजहंसांची जोडी पाळली आहे. मादी अंडी घालते आणि सोडून देते, म्हणून काकीने दोन अंडी खुडूक कोंबडीखाली रवणीला, म्हणजे उबवायला, बसवली होती. एक नासलं. दुसऱ्यातून महिन्याभराने हे बाहेर आलं. असलं थोराड, पिवळं पोर बघून कोंबडीने त्याला टोचायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही त्याला खोक्यात ठेवलं आणि वर साठ वॅटचा बल्ब लावला.

गुरुवारी सकाळी काकांनी ते उचलून पडवीच्या लादीवर ठेवलं. दोन्ही पाय दोन दिशांना फाकले. पिल्लू पोटावर पडलं आणि पोहल्यासारखं पाय मारत राहिलं. पुढे सरकेना, उठेना.

"जन्मजात आहे," काका म्हणाले. "आज गुरुवार म्हणून वाचलं. उद्या बघतो."

आमच्या घरात मार्गशीर्षाचे गुरुवार पाळतात. काकी घट मांडते, त्या दिवशी घरात कुणी अंडंसुद्धा फोडत नाही. म्हणजे त्या पिल्लाला जे चोवीस तास मिळाले ते दयेने नव्हे, कॅलेंडरने दिले. बुधवार असता तर एव्हाना संपलं असतं. याचा मला इतका संताप आला की काही विचारू नका. संताप करायची मला सवय आहे. शाळेच्या रस्त्यावरून चिऱ्याचे डंपर हाकतात, त्याविरुद्ध आम्ही पाच-सहा जण दोन वर्षं भांडतो आहोत आणि पत्रकं मी लिहिते. मी लगेच फोन उचलला आणि गुरांच्या दवाखान्यात लावला.

"कुठलं जनावर?" पलीकडून विचारणा झाली.

"राजहंसाचं पिल्लू."

"राजहंस आमच्या रजिस्टरला नाही. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी."

"मग कोंबडी लिहा."

"कोंबडी असेल तर तिच्या पायाला कोण औषध करतं, मॅडम? रस्सा करा."

आणि हसले. मी फोनवर त्यांना कर्तव्य, पगार, जनता असं सगळं ऐकवलं. त्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. घटासमोर रांगोळी घालणारी काकी मान वर न करता म्हणाली, "झालं भाषण? पाय सरळ झाले गो त्याचे?"

दुपारी शेजारच्या वाडीतल्या चाची आल्या. त्यांचे मालक बोटीवर होते तेव्हापासून त्या बदकं पाळतात. काकीची आणि त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्री. त्यांनी पिल्लू तळहातावर घेतलं, गुडघा चाचपला, टाच चाचपली. मग पडवीत पडलेल्या गोणपाटावर ठेवलं. पिल्लू कोलमडलं, पण बोटं गोणपाटात रुतवून त्याने एक पाय अंगाखाली ओढला. चाचींनी ते परत खोक्यात ठेवलं. पाय सर्रकन बाजूला गेले.

"हाड बरं आहे," चाची म्हणाल्या. "खोक्यात हा गुळगुळीत कागद कोणी घातला?"

मी घातला होता.

काकीने बुधवारी खोक्यात गोणपाटच घातलं होतं. मी ते काढून फेकलं, "किती घाण आहे हे, जंतू असतात," असं म्हणून. आणि त्याजागी आमची उरलेली पत्रकं अंथरली. चकचकीत कागदाची. तो कागदही माझाच हट्ट होता, सभेत मीच म्हणाले होते की साध्या कागदाला कोण विचारतो. ओल्या पायांनी ते पिल्लू रात्रभर त्या कागदावर उभं राहायला धडपडलं आणि रात्रभर घसरलं. कोवळ्या सांध्यांनी तोच आकार धरला. विष्ठेने भरलेल्या त्या पत्रकावर मीच लिहिलेला मथळा होता, लाल अक्षरांत: जबाबदार कोण?

काकीने मला एकदा "मी सांगितलं होतं" म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चाचींनी काकीच्या जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी फाडायला लावली. दोन्ही पायांना सैल वेढा, मधे दोन बोटांचं अंतर, पाय शरीराखाली येतील असे. "आवळू नको. दर दोन तासांनी बघ, सूज आली तर सोड. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात धर, पाण्यात वजन लागत नाही, पाय आपोआप मारील. मग पुसून उबेला ठेव. चार-पाच दिवसांत कळेल. त्यानंतर हाड घट्ट होतं, मग कोणाच्या हातात नाही."

चार-पाच दिवस. माझ्याकडे होता उद्याचा शुक्रवार.

शुक्रवारी काका बंदरावरून बांगडे घेऊन आले आणि पिशवी काकीकडे देऊन सरळ खोक्याशी गेले. पिल्लू गोणपाटावर बसलं होतं. उठायला गेलं, पट्टीत अडखळलं, चोचीवर आपटलं. काका वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. त्यांना खरंच वाटत होतं की असं जगण्यापेक्षा मरण बरं. "बागेत सोडलं की मुंगूस नेणार," ते म्हणाले. "जन्मजात दोषाला इलाज नसतो. कशाला हाल करतेस?"

मी भूतदयेवर बोलायला तोंड उघडलं. प्राण्यांचा हक्क, निसर्गाचा समतोल, सगळं ओठावर तयार होतं. काका ऐकून घेतात आणि मग आपलंच करतात, हेही मला ठाऊक होतं.

"जन्मजात नाही," मी म्हटलं. "पाय मी बिघडवले. काकीचं गोणपाट काढून मी कागद घातला."

काकांनी खोक्यावरून मान वर केली. "मग मान कोणाची मुरगळू म्हणतेस?"

"अहो, आधी हात धुवा," काकी आतून म्हणाली. "सोमवारपर्यंत कोणाचीच नको."

सोमवारपर्यंत मी घमेलं, पट्टी आणि टॉवेल यांपलीकडे काही केलं नाही. सभेला गेले नाही. शनिवारी डाव्या पायाला सूज आली, पट्टी सोडली, तासाभराने सैल बांधली. रविवारी पिल्लू उभं राहिलं, थरथरत, मी तीन आकडे मोजीपर्यंत. सोमवारी पट्टी काढली. ते गोणपाटावरून चार पावलं चाललं आणि काकांच्या चपलेवर चढून बसलं. काका हलले नाहीत. डावा पाय अजून किंचित बाहेर पडतो. तो तसाच राहणार, आणि तो माझ्यामुळे.

पण राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो एकट्या माझ्यावर नाही. "जन्मजात" हा शब्द आपण किती पटकन काढतो! काकांनी काढला. दवाखान्याने पिल्लू न बघता रस्सा सुचवला. मीही गुरुवारी दुपारपर्यंत तेच धरून चालले होते, कारण जन्मजात म्हटलं की कोणीच काही केलेलं नसतं. त्या एका शब्दाखाली या किनाऱ्यावर किती पिल्लांच्या माना मुरगळल्या असतील, आणि त्यांच्या खोक्यात काय अंथरलं होतं हे कोणी कधी पाहिलं असेल?

तेव्हा वाचून हळहळू नका. तुमच्या पडवीत कोंबडीचं, बदकाचं, कसलंही पिल्लू खोक्यात असेल तर आत्ता उठा. हात घालून तळ चाचपा. गुळगुळीत लागला तर तो कागद काढा आणि खरखरीत गोणपाट घाला. आणि एखाद्याचे पाय फाकलेले दिसले, तर त्याला पाच दिवस द्या. वार कुठलाही असो.