वरून ओतलेला द्राक्षारस

प्रभुभोजनाचा प्याला माझ्यापर्यंत आला, पण पाळकांनी तो माझ्या हातात दिला नाही. उंच धरला आणि वरून ओतू लागले. आणि माझे मेले हात! न सांगता पुढे झाले. ओंजळ झाली. विहिरीवर कुणी दया येऊन आम्हा महारांना पाणी घालायचं तेव्हा व्हायची, तशीच.

मिठागरात राबून तळवे फाटलेले. द्राक्षारस भेगांत शिरला, आग आग झाली. तरी प्यायले. बाकावर परत येऊन बसले तेव्हा कुठे कळलं काय झालं ते.

वर्षभर ठाण्याच्या आमच्या मंडळीत सगळ्यांचे ओठ एकाच प्याल्याला लागत होते. पाळक जन्माने कल्याणचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाले म्हणून घरच्यांनी जिवंतपणी त्यांचं श्राद्ध घातलं होतं. माझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी ते माझ्या झोपडीत मांडी घालून बसले. माझ्या हातची नाचणीची भाकर खाल्ली. म्हणाले, "कृपा कमवावी लागत नाही, बाई. ती मिळते."

मी विश्वास ठेवला. ताडी सुटली. तोंडातल्या शिव्या सुटल्या, आणि त्या काही थोड्या नव्हत्या. रस्त्यात वाकून जोहार घालणं सुटलं. हे माझ्या बळावर झालं नाही. कृपेनंच झालं, हे मी आजही सांगते.

वरून ओतलं त्या रविवारी पुढच्या बाकावर पाळकांचे थोरले भाऊ बायकोसह बसले होते. त्याच सकाळी दोघांचा बाप्तिस्मा झाला होता. त्यांना प्याला हातात मिळाला.

उपासना संपल्यावर मी दारात थांबले. "बाबा, आज वरून का वतलंत?"

ते खाली बघत म्हणाले, "दादा फार मुश्किलीनं आलाय गं. त्याचा विश्वास अजून कोवळा आहे. तुझा पक्का आहे. कृपेत जगणारं माणूस एवढं सोसतं." मग म्हणाले, "आणि ओंजळ तर तूच पुढे केलीस ना?"

खरंच होतं ते. म्हणूनच जास्त लागलं. पाटलानं केलं असतं तर मी थुंकून विसरले असते. या माणसानं माझी भाकर खाल्ली होती. त्यानं मला फसवलं. घरी येऊन मी माझ्याच हातांवर रडले.

पुढच्या महिन्यात प्याला पुन्हा वर गेला. मी हात पाठीमागे बांधले.

"खाली आणा, बाबा. मला तोंड हाय."

पाळक कुजबुजले, "बाई, देवाच्या घरात तमाशा नको."

"घर देवाचं हाय ना? मग द्या."

ते प्याला घेऊन पुढे गेले.

लोक सांगतात, दुसरीकडे जा, झाकली मूठ सव्वा लाखाची. का जाऊ? कृपा काही त्यांनी दिली नव्हती मला, ती त्यांना काढूनही घेता येणार नाही. आता दर प्रभुभोजनाला मी पहिल्या बाकावर बसते, त्यांच्या दादाच्या शेजारी. शिवी देत नाही. आवाज चढवत नाही. प्याला हातात येईपर्यंत तिथून हलणारही नाही. मला बाहेर काढायचंच असेल, तर आधी शिवावं लागेल.