पडद्यावरचा जांभळा मुलगा

माझ्या सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी सोफ्यावर बसून, हातातल्या रिमोटने मोडलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बेंगळुरूत, मारतहळ्ळीच्या आमच्या घरी सपाट पडद्याचा टीव्ही आला. जुन्या टीव्हीचं पोट पुढे आलेलं होतं, याचं नव्हतं. (माझं होतं, पण ती तक्रार बायको वेगळी करत असे.) चित्र सुरेख होतं, फक्त माणसांचे रंग जमेनात. बातम्या देणारी बाई उकडलेल्या बिटासारखी दिसायची. "हिला कुणीतरी डॉक्टरकडे न्या रे," आई म्हणायची.

मला घाई होती, कारण रविवारी याच पडद्यावर मुलगा बघायचा होता. मुलगा बेळगावचा, नोकरी मस्कतला. त्याने स्वतःची व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. माझ्या धाकट्या बहिणीने, सुधाने, आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडलं होतं. याच्याशी फोनवर बोलली आणि पहिल्यांदाच स्वतःहून 'हो' म्हणाली. आता आईने त्याला बघून मान डोलवायची तेवढी बाकी होती.

टीव्हीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ओळखीचा चेहरा लावा आणि त्वचा नैसर्गिक दिसेपर्यंत रंग जुळवा. आता मला सगळ्यात ओळखीचा चेहरा कोणाचा? माझाच. रोज दाढी करताना बघतो. मी आमच्या लग्नाची कॅसेट लावली, माझा चेहरा पडदाभर आला तिथे चित्र थांबवलं आणि हादरलो. पडद्यावर मी पिवळाधमक! 'टीव्ही पिवळा मारतोय,' असं निदान करून मी खोलीचं दार लावून घेतलं (इंजिनियर माणसाला एकांत लागतो) आणि हातात आरसा धरला. पिवळा कमी केला, निळा वाढवला, मग निळा अजून वाढवला. अख्खी दुपार गेली, पण शेवटी आरशातला मी आणि पडद्यावरचा मी हुबेहूब जुळलो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रविवारी आई, सुधा आणि माझी बायको वंदना टीव्हीसमोर बसल्या. शेजारच्या पद्माअक्काही आल्या. त्यांचं घराणं कैक वर्षांपासून बेंगळुरूचं, त्यामुळे मराठीत कन्नड आपोआप यायचं. मी कॅसेट लावली. मुलगा हसत नमस्कार करत आला.

तो जांभळा होता.

"सरी, सरी, ठीक आहे," पद्माअक्का म्हणाल्या. "पोरगं चांगलं आहे. स्वल्प जांभूळ दिसतंय, एवढंच की."

"शर्टाला नीळ जास्त झालीय," वंदना म्हणाली.

"शर्टाचं जाऊ दे, ओठ बघ," आई म्हणाली. "माझ्या काकांचे ओठ असेच झाले होते. पंधरवड्यात गेले."

"दादा, अरे मागची भिंतसुद्धा जांभळी आहे," सुधा रडवेली झाली होती. "टीव्ही नीट लावलास ना?"

"टीव्हीत खोट नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. "मस्कतला भिंती तशाच असतात."

आई उठली आणि तिने मध्यस्थांना फोन केला. मुलाचं हृदय नाजूक दिसतं, आम्हाला जमणार नाही. सुधा आतल्या खोलीत गेली ती जेवायलाही आली नाही.

"रंग कशावरून जुळवलेत?" वंदनाने विचारलं. मी आमची कॅसेट लावून ते थांबवलेलं चित्र दाखवलं. "बघ, मी अगदी नैसर्गिक." तिने चित्र पुढे सरकवलं. माझ्या मामीचा जांभळा हात पडद्यावर आला आणि त्याने माझ्या गालाला आणखी मूठभर हळद फासली.

मी घाईघाईने निळा खाली आणला, लालही थोडा उतरवला आणि मुलाची कॅसेट पुन्हा लावली. आता तो चांगला गव्हाळ दिसत होता.

"आता तू त्याला रंग लावून दाखवतोयस," आई म्हणाली.

"नाही गं आई, हाच खरा. थांब, माझ्यावर बघ." मी आमची कॅसेट लावली. पडद्यावर मी परत पिवळाधमक.

"बघ. आता तुला कावीळ झाली."

"आई, ती हळद आहे!"

"इतकी पिवळी नव्हती. मी स्वतः कालवली होती."

सुधाने माझ्याशी बोलणं सोडलं. जेवताना मीठ हवं असलं तरी ती वंदनाला म्हणे, "वहिनी, त्यांना मीठ सरकवायला सांग." सख्खी बहीण मला 'त्यांना' म्हणत होती. मी बेळगावला फोन करून मुलाच्या आईची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "रजेवर आला की स्वतःच येईल. काय तपासायचं ते तपासा."

तो आला. आईने त्याला चहाच्या आधी बाल्कनीत उन्हात उभं केलं, ओठ पाहिले, नखं पाहिली. मग आत आणून टीव्हीला खेटून खुर्चीवर बसवलं, त्याचीच कॅसेट लावली आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. एकदा त्याच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत तिने दोन मिनिटांत रंग जुळवले. बिचारा हलला नाही. दाराआडून सुधा हसल्याचं मी ऐकलं आणि जिवात जीव आला.

"जमलं," आई म्हणाली. टीव्हीही जमला आणि लग्नही.

त्याच आनंदात वंदनाने आमची कॅसेट लावली. हळद झाली, अंतरपाट दूर झाला आणि नवरदेवाचा, म्हणजे माझा, चेहरा पडदाभर आला. पांढराफटक, घामाने डबडबलेला, डोळे बाहेर आलेले.

होणारे जावई हळूच म्हणाले, "आई, रंग थोडा बिघडला का?"

"नाही हो," आई म्हणाली. "आता अगदी नैसर्गिक आहे."