हरणाबाईचे सात दगड

हरणाबाईला भीती वाटते असं बेंबळीजवळच्या त्या वस्तीवर कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. चुलीमागं निघालेला नाग हिनं काठीवर घेऊन बांधापलीकडं सोडलेला. नवरा गेला तेव्हा तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी ही शेतात उभी. अकरा वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवते, आणि चव बघायला आलेल्या साहेबालाही "आधी हात धुवा, मग चमचा धरा" असं सुनावून मोकळी होते. तोंड असं, की भरधाव गेलेल्या गाडीच्या मागं तिचे शब्द पार पुढच्या थांब्यापर्यंत धावायचे.

गाडीवाल्यांवर तिचा राग फार जुना नव्हता. रस्ता नवा झाला तेव्हापासूनचा. खड्डे होते तेव्हा गाड्या माणसासारख्या चालायच्या, असं ती म्हणायची. आता रस्ता गुळगुळीत झाला आणि माणसं माजली. वस्तीपासून शाळा दीड किलोमीटर, सगळी वाट त्या रस्त्यानंच. म्हणून नातीला बरोबर घेऊन निघताना तिचे कायदे कडक होते. पोरीनं कडेला चालायचं, आजीनं रस्त्याच्या बाजूला. आणि पोरीचा हात नाही, मनगट धरायचं.

"बोटं निसटत्यात. मनगट निसटत न्हाय," ती सांगायची.

नात म्हणजे प्रतीक्षा, दुसरीतली. तिचे आईबाप, मल्लेश आणि अयोध्या, दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले ते होळीशिवाय परत यायचे नव्हते. भांडी, अंथरुणं, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढलं तेव्हा अयोध्या खाली उतरली, सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्याबाई, बाकी मला घोर न्हाय. तेवढा रस्ता सांभाळा."

"जशी देलीस तशी परत घे," हरणाबाई म्हणाली होती. "जा आता, रडू नगं."

हे बोलणं तिनं हलक्यात घेतलं नव्हतं. पोरीला नुसती शिंक आली तरी हिचा जीव वरखाली व्हायचा. पण ते कुणाला दिसू देईल तर ती हरणाबाई कसली.

त्या साली एकरभर हुलगा बरा आला. या भागात हुलगा मळायला आता खळं कुणी करत नाही. वाळलेले वेल रस्त्यावर पसरायचे, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, आपण अधूनमधून वेल उलथायचे, एवढंच काम. दाणा खाली पडला की त्याची रास करायची आणि राशीवर चाक जाऊ नये म्हणून भोवती दगड मांडायचे. तेवढा वेळ अर्धा रस्ता आपला. कुणी काही म्हणत नाही, कारण ज्यानं म्हणायचं त्याचंही काहीतरी पुढच्या वळणावर वाळत असतं.

बुधवारी हरणाबाईनं तेच केलं. शाळा सुटल्यावर आजी-नातीनं रास केली आणि सात दगड मांडले. सहा बांधावरचे आणि सातवं घरचं जुनं जातं, म्हणजे त्याची फुटलेली खालची तळी. ती दोघींनी मिळून ढकलत आणली होती, आणि प्रतीक्षा त्यात तीनदा खाली बसून हसली होती. सांजच्याला हुलगा पोत्यात भरला, पोतं शेजारच्या गाड्यावर घरी गेलं.

"आजी, दगडं?"

"ऱ्हाऊ दे. उद्या उरल्याले वेल पसरायचेत, तवा लागत्यालच."

गुरुवारी सकाळी साडेनऊला दोघी निघाल्या. रस्त्याच्या डाव्या अंगाला ते दगड आणि भुसकट होतं, म्हणून त्या उजव्या अंगानं चालल्या. ऊन कोवळं होतं. प्रतीक्षा सातचा पाढा म्हणत होती आणि सात सक्कं बेचाळीसला दरवेळी अडत होती.

मागून गाडीचा आवाज आला. सवयीनं हरणाबाईची मूठ आवळली. गाडी पलीकडच्या अंगानं जाणार होती, तिला वळून बघायचंही कारण नव्हतं. पण आवाज कमी होईना. आणि मग एकाएकी चाकं किंचाळली.

तिनं वळून बघितलं. पांढरी पिकअप रस्ता तिरका कापत सरळ त्यांच्यावर येत होती. काचेमागं आधी गाडीवाल्याचं टाळकं दिसलं, कारण त्याची मान खाली होती. मग मान वर आली आणि त्याचे डोळे दिसले. ते डोळे हरणाबाईला आयुष्यभर विसरता यायचे नाहीत. त्यांच्यातही तिच्याएवढीच भीती होती.

तिला ओरडायचं होतं. पुढच्या थांब्यापर्यंत धावणारी ती जीभ टाळूला चिकटून बसली. पायही हलेनात. हलला तो फक्त एक हात. मनगट धरलेला तो हात तिनं जीव खाऊन मागं ओढला, पोरगी उचलली गेली आणि दोघी रस्त्याकडेच्या चारीत पडल्या. वरून गरम वारं गेलं, डिझेलचा वास गेला, खडे उडून तोंडावर आले. वीस-पंचवीस पावलांवर गाडीचं एक चाक चारीत उतरलं आणि गाडी थांबली.

हरणाबाईनं पोरीचं डोकं चाचपलं. मान, पाठ, गुडघे. पायाची बोटं मोजली, परत मोजली. एका पायात चप्पल नव्हती. ती वर रस्त्यावर पडली होती आणि तिच्यावरून चाक गेलं होतं. ती पापडासारखी झाली होती. पाय तिथं होता, आत्ता, एवढ्यात.

"आजी, हात सोड," प्रतीक्षा म्हणाली. "दुखतंय."

सोडायचा होता तिलाही. पण बोटं उघडेनात. दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचं एकेक बोट सोडवलं.

तोवर माणसं जमली होती. वळणावर चहाचं हॉटेल चालवणारा शिवप्पा सगळ्यांत आधी आला, त्याच्या मागं हॉटेलातले चौघं. त्यांनी गाडीवाल्याला खाली ओढलं. बावीस-तेवीसचं पोर, अणदूरकडचं, बालाजी नावाचं. हातात मोबाईल तसाच, आणि त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. शिवप्पानं काही न विचारता एक ठेवून दिली. मग बाकीच्यांचेही हात सुटले.

"फोन आला म्हणून मोबाईल बघत व्हतो, खोटं न्हाय बोलत," बालाजी तोंड झाकत म्हणाला. "मान वर केली तर म्होरं दगडं. दगडावर घातली असती तर गाडी उलथली असती. म्हणून इकडं वळविली. ह्या दिसल्याच न्हाईत मला."

"कसली दगडं बे?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. सात दगड मांडल्या जागी तसेच बसले होते, आणि त्यांतच मधोमध खुंट्याचं भोक असलेली ती फुटकी तळी. शिवप्पानं ती ओळखली. वस्तीवर ती न ओळखणारं कुणी नव्हतं. त्यानं एकदा हरणाबाईकडं बघितलं, मग घाईनं नजर वळवली.

"एखाद्या डंपरातनं पडल्याली असत्याल," तो म्हणाला, आणि बालाजीला आणखी एक लगावली.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. डंपरच तो, डंपरवाले असेच. एका क्षणात सात दगडांचा धनी डंपर झाला, आणि त्या डंपरला कुणी कधी बघितलं नव्हतं म्हणून सगळ्यांचीच सोय झाली. हरणाबाईनं नुसतं गप्प राहायचं होतं. तिला ते हवंही होतं. अंगातलं सगळं बळ चारीत सांडलं होतं, आणि या घडीला कुणीतरी वाईट असावं आणि ते आपण नसावं, एवढंच तिला वाटत होतं.

प्रतीक्षा त्या तळीकडं बघत होती. मग तिनं आजीकडं बघितलं. हरणाबाईला ट्रॅक्टरवर चढणारी अयोध्या आठवली. जशी देलीस तशी परत घे. आणि पोरीच्या वाटेत ही गाडी आणून सोडणारं आपल्याशिवाय दुसरंतिसरं कुणी नव्हतं.

"मारू नगा त्याला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिलाच परका वाटला. "दगडं माझी हायत. काल म्या ठेवली, उचलली न्हाईत."

"हरणाबाई, तू गप बस," शिवप्पा म्हणाला. "समदेच ठेवत्यात की."

"व्हय, समदेच. मोबाईल बघितला ही चूक त्याची. पण गाडी माझ्या पोरीकडं म्याच वळविली."

दगड उचलायला ती उठली, पण डांबरावर पाय ठेवायची वेळ आली तशी परत चारीच्या काठावर बसली. शेवटी दगड बालाजीनंच बाजूला केले. तळी त्याला एकट्याला उचलेना, तेव्हा शिवप्पानं दुसरी बाजू धरली.

त्या दिवशी शाळेत खिचडी करपली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी अयोध्याचा फोन आला. लपवावं असं हरणाबाईच्या मनात शंभरदा आलं होतं, तरी तिनं सगळं सांगितलं, चपलेसकट आणि दगडांसकट. पलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांचा घरघराट चालू होता. अयोध्या रडली नाही, ओरडली नाही. हरणाबाईला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पोरीला द्या," एवढंच ती म्हणाली.

प्रतीक्षानं फोन घेतला. "आये, म्या बरी हाय," ती म्हणाली. "आजीचाच हात लई कापायलाय."

शुक्रवारी सकाळी दोघी परत त्या रस्त्याच्या कडेला आल्या. डावं अंग मोकळं होतं; नेहमीसारखं तिकडून चालायचं तर आधी रस्ता ओलांडायला हवा होता. उरलेले वेल हरणाबाईनं अंगणात काठीनं बडवायला काढले होते. एक मोटारसायकल गेली, मग एसटी गेली. मग रस्ता पार रिकामा झाला, दोन्हीकडं चिटपाखरू नाही, तरी तिचं पाऊल डांबरावर पडेना. लांब कुठंतरी गाडीचा आवाज आला की ती मागं सरायची. हातातल्या पोरीच्या मनगटावरची पकडही ढिली पडली होती.

"आजी, घंटा व्हईल," प्रतीक्षा म्हणाली.

"व्हऊ दे."

पोरीनं थोडा वेळ वाट बघितली. मग तिनं आपला हात हलकेच काढून घेतला आणि आजीचं मनगट धरलं, तिच्या मुठीत मावत नव्हतं तरी.

"बोटं निसटत्यात," ती म्हणाली.

तिच्या मनगटावर आजीची चार निळी बोटं उमटलेली होती. तिनं दोन्हीकडं बघितलं आणि त्याच हातानं आजीला रस्त्यापलीकडं नेलं.