व्याह्यांचे उलटे खिसे

आयुष्यात मी एकाच माणसाची झडती घेतली आणि तो माझा होऊ घातलेला व्याही होता.

तसा मी झडत्या घेणाऱ्यांतला नाही. जळगावात एका सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. बेरीज जुळेपर्यंत डबा उघडायचा नाही, एवढाच काय तो माझा दरारा. (तोही कचेरीपुरता. घरी डबा कधी उघडायचा ते बायको ठरवते.) पण नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझा मेहुणा सिंगापूरहून आला आणि त्याने माझ्या हातात एक यंत्र ठेवलं. तळहाताएवढं, राखाडी काचेचं. त्या काचेवर एका बारक्या लेखणीने लिहायचं. कागद नको, शाई नको. लेखणी म्हणजे धातूची काळी दांडी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची चोच. मेहुणा तिला स्टायलस म्हणे.

"दाजी, आता तुमच्या खिशातल्या चिठ्ठ्या बंद," तो म्हणाला.

चिठ्ठ्या बंद झाल्या आणि घरादाराची करमणूक सुरू झाली. मी जन्मभर तीन प्रतींत लिहिलेलं. तिसऱ्या प्रतीपर्यंत अक्षर पोचलं पाहिजे, हे बोटांत भिनलेलं. त्यामुळे त्या नाजूक काचेवर मी असा काही जोर देई की खालचं टेबल करकरायचं. "अहो, दाबू नका एवढं," माझी बायको प्रमिला स्वयंपाकघरातून म्हणायची, "खाली कार्बन नाहीये." लिहिण्याआधी टोक जिभेवर ओलं करायची सवय सुटायला पंधरवडा लागला. त्यातून यंत्राला समजे ती इंग्रजी. मराठी अक्षर त्याला चित्र म्हणून काढून द्यावं लागे आणि माझी अक्षरं इतकी ऐसपैस येत की 'वांगी' लिहायला घेतलं तर 'वां' एका पानावर आणि 'गी' पुढच्या पानावर जाई.

हे सगळं जमलं हळूहळू. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत जमली नाही. लेखणी ठेवायला यंत्राच्या पाठीत छान खोबण होती. पण लिहून झालं की माझा हात आपोआप वर जाई आणि लेखणी कानामागे खोचून खाली येई. सव्वीस वर्षं तिथे बॉलपेन राहत होतं. हाताला दुसरा पत्ता ठाऊकच नव्हता.

त्याच हिवाळ्यात वैशालीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगा शेखर. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी, घर धुळ्याला, देवपुरात. स्थळ मध्यस्थाकडून आलं होतं, पण वैशाली धुळ्याच्या कॉलेजात शिकत असताना शेखर तिच्या एक वर्ष पुढे होता, हा योगायोग माझ्यासारख्या हिशेबतपासनिसाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. पण मुलगा चांगला होता. प्रश्न होता तो त्याच्या वडिलांचा. आबा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मध्यस्थाने आम्हाला एक खूण सांगून ठेवली होती: आबा खुशीत असले की अहिराणी बोलतात. शुद्ध मराठीत बोलायला लागले की समजायचं, बिनसलं.

शेवटची बैठक आमच्या अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या शेतात ठरली. चोपड्याजवळ तिची केळीची बाग आहे. थंडीचे दिवस, मग पाहुण्यांना दुसरं काय करणार? भरीत. जेवण झालं की आबा होकार किंवा नकार देणार होते.

आदल्या दिवशी वैशाली माझ्यापाशी येऊन बसली. "बाबा, मला हे घर हवंय," ती म्हणाली. "तुम्ही उद्या फक्त ते यंत्र घरी ठेवा."

मी हो म्हणालो आणि सकाळी ते खिशात टाकलं. मुलगा संगणकवाला. सासराही काही मागासलेला नाही, हे त्यांना कळायला नको?

सुरुवात फार चांगली झाली. बांधावर सतरंजी टाकली होती. आम्ही तिघं, ते तिघं आणि अक्का. आबा अहिराणीतच गाडीतून उतरले आणि अहिराणीतच चहा प्याले. प्रमिलाने माझ्याकडे समाधानाने पाहिलं. तेवढ्यात मी यंत्र काढलं. वैशालीने डोळे मिटून घेतले.

आबांना मात्र ते भलतंच आवडलं. त्यांनी लेखणी हातात घेतली, काचेवर आपली सही केली, सूनबाई होऊ पाहणारीचं नावही काढलं. मग कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलता बोलता त्यांनी ती लेखणी सहज कानात घातली आणि खाजवलं. सावकाश. डोळे मिटून. पण मुलीचा बाप काय बोलणार?

इतक्यात अक्काने हाक मारली. भरताची मोठी हिरवी वांगी टोपलीत होती. माणशी किती लागतील याचा हिशेब मी तिला आधीच कळवला होता. आता टोपलीवर वाकून मी तो प्रत्यक्ष ताडून पाहिला. अक्का शेजारीच बसून वांग्यांना टोचे मारत होती. (टोचे मारले नाहीत तर वांगं विस्तवात फटकन फुटतं.) "मधू, तू मोजत बस," ती म्हणाली, "मी तोवर भाजून घेते."

कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ झाला. वांगी आत गेली. आबा शेखरच्या आत्याचा पत्ता सांगायला लागले, म्हणून मी यंत्र काढलं. खोबण रिकामी. कान चाचपला. कान होता, लेखणी नव्हती.

मी सतरंजी झटकली. सतरंजीवरच्या माणसांना उठवून पुन्हा झटकली. पाण्याच्या पाटात हात घालून पाहिला. प्रमिला दातांवर दात ठेवून म्हणाली, "राहू द्या आता." पण बेरीज न जुळता उठायचं, हे माझ्या रक्तात नाही. मी एकेक माणूस वजा करत गेलो. प्रमिला त्या यंत्राला शिवत नाही. वैशालीला ते दिसायलाही नको. शेखर आणि त्याची आई बागेत गेलेली. अक्का जाळापाशी. लेखणी मी शेवटची पाहिली ती आबांच्या कानात.

उरले आबा.

सरळ विचारणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी अतिशय नाजूकपणे विचारलं, "आबा, तुमच्या खिशात काही टोचत तर नाही ना?"

आबा उठले. सदऱ्याच्या एका खिशातून अडकित्ता काढून सतरंजीवर ठेवला. दुसऱ्यातून सुपारीची डबी. मग दोन्ही खिसे धरून बाहेर उलटे केले. ते त्यांच्या अंगावर दोन पांढऱ्या कानांसारखे लोंबायला लागले. एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्यासमोर झटकली आणि पुन्हा घातली.

"आपलं समाधान झालं असावं, अशी अपेक्षा करतो," आबा म्हणाले.

'अपेक्षा करतो'! हे शुद्ध मराठी होतं.

"शेखर," आबांनी आवाज दिला, "कृपया गाडी काढावी. आपणांस निघायचे आहे."

वैशाली नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी बेरीज चुकावी म्हणून देवाचा धावा केला. शेखर किल्ली हातात घेऊन एकदा बापाकडे, एकदा वैशालीकडे बघत उभा. आबा उलट्या खिशांसह बांधावरून चालायला लागले. मी मागे मागे "आबा, आबा" करत निघालो. दुसरा शब्द सुचत नव्हता.

तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला.

"अरे मधू, या वांग्यात हाड कुठून आलं?"

सगळे वळले. अक्काने भाजलेल्या वांग्याची साल काढली होती आणि त्या गरातून एक काळी दांडी बाहेर डोकावत होती. वाफाळलेली. टोकाची चोच वितळून गोळा झालेली.

"ही होय," अक्का निवांतपणे म्हणाली. "टोपलीत पडलेली सापडली. चांगली अणकुचीदार होती, म्हणून टोचे मारायला घेतली. एकात पार आत घुसली, हाताला लागेना. मग मी बाभळीचा काटा घेतला."

टोपलीत कशी पडली, हे मला कोणी विचारलं नाही. आबांकडून परत घेतलेली लेखणी माझ्या हाताने जुन्याच पत्त्यावर ठेवली होती, आणि तो कान घेऊन टोपलीवर कोण वाकलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आबा परत आले. वांग्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ त्याचं निरीक्षण केलं. माझा जीव त्यांच्या पुढच्या वाक्यात अडकला होता. वाक्य काय असेल यापेक्षा ते कुठल्या भाषेत येईल, यात.

"म्हणजे," आबा म्हणाले, "चोर हाई वांगं शे!"

प्रमिला मटकन सतरंजीवर बसली. वैशालीने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, ते मी तपासलं नाही.

"चोरले वावरबाहेर फेका," आबांनी चोराला शेताबाहेर काढायचा निकाल दिला. "बाकीना साक्षीदार वाढा. भूक लागनी शे."

भरीत अप्रतिम झालं होतं, असं सगळे म्हणतात. मला चव आठवत नाही. आबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीने ताट पुसलं, हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमना मशीनमा लिखी ल्या, व्याही. पोर पसंत शे."

व्याही! मी घाईघाईने यंत्र काढलं आणि हतबल होऊन त्या वितळलेल्या दांडीकडे पाहिलं. तेव्हा शेखर शांतपणे उठला, जळणातली कापसाची एक काडी मोडली आणि माझ्या हातात दिली.

"काका, कशानेही लिहिता येतं त्याच्यावर," तो म्हणाला. "नखानेसुद्धा."

हे वाक्य त्याने तासाभरापूर्वी म्हटलं असतं तर त्याच्या वडिलांचे खिसे सरळ राहिले असते. पण जावयाला बोलायचं नसतं. मी काडी घेऊन लिहिलं. 'पसं' एका पानावर आलं, 'त' दुसऱ्या.

पुढे लग्न झालं. व्याहीभेटीला आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो, भोवती सगळे पाहुणे. मी गळाभेटीसाठी हात पसरले. आबांनी मला हाताने थांबवलं, आपल्या कोऱ्या सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढले, टोपी झटकली आणि मगच मिठी मारायला पुढे आले.

फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. अल्बममध्ये पहिल्याच पानावर आहे: उलट्या खिशांचे आबा, आणि त्यांच्यापुढे हात पसरून उभा असलेला मी, फेटा बांधलेला, कानामागे बॉलपेन.